मधली जागा

"आजी, कमरपट्टा आवळ ना. घसरतोय." धाकटीनं दोन्ही हात वर केले.

"पोटात चार घास घातलेस तर राहील जागेवर," म्हणत मी सुईत दोरा ओवला.

या नाचाच्या पोरींचे पोशाख मी शिवते, म्हणून मलाही परदेशी आणलं. नाहीतर चौथी शिकलेल्या बाईला विमानात कोण बसवतं? इथल्या पोरी आपला नाच बघणार, आपल्या पोरी त्यांचा. देवाणघेवाण म्हणतात त्याला. आमची थोरली या नाचात मधोमध असायची. निघायच्या तोंडावर तापाचं निमित्त झालं आणि गेली. नात माझी, धाकटीची सख्खी बहीण.

पोरींना शिकवणाऱ्या बाईंनी नाच नव्यानं बसवला, मधली जागा मोडून टाकली. पण पायांना कोण समजावणार? सकाळच्या तालमीत पोरी फिरत मध्यावर आल्या की वळसा घालून जायच्या, तिथं कुणी उभं असल्यासारख्या. दिवे सांभाळणाऱ्या इथल्या माणसाला यातलं काही ठाऊक नाही. त्यानं त्या मोकळ्या जागेवर उजेड पाडला आणि खुणेनं विचारलं, इथली मुलगी कुठाय?

बाई माझ्याकडे आल्या. "आजी, संध्याकाळी धाकटीला मध्ये घेते. चेहरा तोच आहे. थोरलीचाच पोशाख घालू दे तिला."

तो पोशाख मी घरून आणलाच होता. कशाला, ते मला विचारू नका.

"मी नाही घालणार," धाकटी म्हणाली.

"का गं? बहिणीचं अंगाला टोचतं?"

"ती गेल्यापासून तू माझ्याकडे बघत नाहीस आजी. माझ्यात तिला शोधतेस. तिचा पोशाख घालून तिच्या जागी उभी राहिले, की मग मी कुठं जाऊ?"

मला उलट बोललेलं खपत नाही. जावईसुद्धा माझ्यापुढं आवाज चढवत नाहीत. पण पोरीचं खोटं नव्हतं. मला बघायचंच होतं ना. ते निळं रेशीम, तो चेहरा, एकदाच, दिव्यांखाली. त्यासाठीच तर म्हातारी एवढ्या लांब आली होती.

मी पोशाखाची घडी घातली.

"बाई, मध्ये कुणी नको."

"अहो, रिकामं दिसेल."

"दिसू दे. आहेच रिकामं, त्यात लपवायचं काय?"

संध्याकाळी मी पडद्याआडून बघत होते. पोरी मध्यावर आल्या, वळसा घालून गेल्या. त्यांच्या मागं, मधोमध, घुंगरं वाजली. वाजली म्हणजे वाजली. मान आपोआप तिकडं वळायला लागली, ती मी नेटानं धरून ठेवली आणि कडेला नाचणाऱ्या धाकटीवरची नजर हलवली नाही.

गिरकी घेताना धाकटी खालचा ओठ दातात धरते. एवढी वर्षं तिचे पोशाख शिवले, हे कधी बघितलंच नव्हतं.