आखाजीला सायकलवर

मी दालमिलच्या ऑफिसात बसते, पण मला विचाराल तर माझी खरी नोकरी जाण्यायेण्याची आहे. सकाळी घरातून सायकल काढली की मिलच्या गेटापर्यंत मी कुणाची आई नसते, कुणाची सासू नसते. तुरीच्या सालपटांचा वास नाकात शिरला की समजायचं, मजा संपली, काम आलं.

जळगावातले सगळे रस्ते असे पायाखालून गेले. राहिला तो माहेरचा. एरंडोलकडच्या आमच्या खेड्याच्या त्या रस्त्यावरच भाऊच्या उंच सायकलच्या दांडीखालून पाय घालून, कैची मारत मी शिकले. पण लग्नानंतर तिथे सायकलने कधी गेले नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, लेकीने आपलं आपण माहेरी जायचं नसतं. भाऊ मुऱ्हाळी होऊन न्यायला येतो. एकटी गेली तर गाव समजतं, माहेरच्यांनी बोलावलंच नाही.

यंदा सुकदेवभाऊ नवी चारचाकी घेऊन, पहाटेच आला. मी पदर खोचून सायकल धरून उभी. म्हटलं, यंदा मी हिच्यावर येणार. पुढच्या आखाजीला गुडघे काय म्हणतील, कोण जाणे.

भाऊचा चेहरा पडला. "ज्योत्स्ना, मी गाडी ली, नि तू सायकलवर उनी, तं गाव काय म्हनी?"

"न्यायला तर तू आलाच आहेस ना? चल माझ्या मागे."

माझ्या सुनेने, भूमिकाने, तोंडावर पदर धरून हसू दाबलं. भाऊने बरंच समजावलं, शेवटी गाडीत बसला. आतल्या रस्त्याने आमची वरात निघाली. पुढे मी, मागे पहिल्या गिअरमध्ये कुरकुरणारी कोरी गाडी, दोन्ही बाजूंचे पिवळे दिवे उघडझाप करताहेत. वारा थंड होता. निंबाखालून जाताना मी दोनदा उगाच घंटी वाजवली.

पहिल्याच फाट्यावर चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. दोघांनी हात जोडले. मीही जोडले, तर सायकल डगमगली. पुढच्या गावात एका आबांनी मला थांबवलंच. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"ताई, निशानी सायकल शे का?"

निवडणुका तोंडावर होत्या, त्यात आबांचा काय दोष? मी खरं सांगेपर्यंत चार बायका जमल्या आणि पाण्याच्या टाकीचं गाऱ्हाणं सांगू लागल्या. गाडीत कुणी मोठे साहेब असावेत असं समजून दोघी काचेवर टकटक करू लागल्या. भाऊने काच खाली केली, तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

त्या गावाबाहेर त्याने गाडी आडवी घातली. मला वाटलं, झालं, आता सायकल डिकीत जाणार. पण त्याने गाडी आमच्या ओळखीच्या तोताराम मामांच्या शेतात निंबाखाली उभी केली, कुलूप लावलं आणि माझ्या हातातलं हँडल घेतलं.

"बस मांगे. आते मीच लई जास तुले."

मी कॅरिअरवर बसले. भाऊने जोर लावला. सायकल डावीकडे गेली, उजवीकडे गेली आणि बाभळीपाशी थांबली. पोट गुडघ्याला आडवं येतं, म्हणाला. मी हँडल परत घेतलं, तो मुकाट्याने मागे बसला.

चढावर मला चांगलाच दम लागला; तो उतरला आणि मागून ढकलू लागला. उतारावर मात्र मी ब्रेक लावला नाही. मागून आधी "हळू, हळू" आलं, मग नुसतं हसू. साठीचा माणूस इतका हसतो हे मी विसरलेच होते.

वेशीपासून पोरंसोरं मागे धावत होती. दारात कुंदावहिनी माझ्यावरून ओवाळून टाकायला भाकरतुकडा नि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने दोघांना नीट न्याहाळलं.

"पहिले सांगा, कोन कोनले लई उनं?"

भाऊ कॅरिअरवरून उतरला, धोतर झटकलं आणि ऐटीत म्हणाला, "मी लई उनू हिले."

वहिनीने माझा घामेजला चेहरा बघितला आणि दोघांवरूनही तुकडा ओवाळून टाकला.