पडदा खाली आला नाही

माझ्या मुलीने कूस बदलली की माझ्या दिराचं विमान अडखळायचं. हे मी गमतीने सांगत नाहीये. तोही गमतीने सांगायचा नाही.

विमान कॉम्प्युटरमधलं. आणि कॉम्प्युटर माझा. मी फर्निचरची थ्री-डी ड्रॉइंगं करते, त्यासाठी लग्नाआधी घेतलेला, भारी ग्राफिक्स कार्डाचा. बाळंतपणात काम थांबलं, तेव्हा दीर म्हणाला, "नुसता पडूनच आहे ना, वहिनी? मी जरा बसतो." जरा बसता बसता माझ्या टेबलाला विमानाचं स्टिअरिंग स्क्रूने पक्कं बसवलं गेलं, खाली पेडल्स आली आणि माझी खुर्ची गच्चीत गेली. त्याला खराखुरा पायलट व्हायचं होतं, पण डोळ्यांच्या तपासणीत रंग ओळखता आले नाहीत. मला त्याचं वाईट वाटायचं. आधी वाटायचं.

त्या कॉम्प्युटरला माझं एकच काम उरलं होतं. वरच्या खोलीत पाळण्यावर मी कॅमेरा लावला होता. त्याचं चित्र कॉम्प्युटरमध्ये यायचं आणि तिथून माझ्या फोनवर. तयार बेबी कॅमेरा घेतला नाही, कारण माझ्या लेकीचं चित्र नक्की कुणाकुणाकडे जातं हे दुकानदाराला धड सांगता येईना. "तू जरा अतीच करतेस," नवरा म्हणाला.

असेल अती. पण तापात तिला झटका आला तेव्हा ती माझ्या मांडीवर होती. डोळे पांढरे, अंग लाकडासारखं. डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावलं, की असं होतं लहान मुलांना, घाबरू नका, फक्त ताप असला की नजर हटवू नका. घाबरू नका हे मला जमलं नाही. नजर हटवू नका हे मी पाळत होते.

आता अडखळण्याचं. पाळण्यात काही हललं की माझा प्रोग्रॅम रेकॉर्डिंग सुरू करायचा, आणि त्यासाठी लागायचं तेच ग्राफिक्स कार्ड, जे दिराचे ढग रंगवत असायचं. बाळ हललं की क्षणभर त्याचं आकाश गोठायचं. हे त्याने स्वतःच शोधून काढलं आणि चोर पकडल्यासारखा स्वयंपाकघरात आला.

"वहिनी, तुझी लेक माझं विमान पाडते."

"मग ढग कमी करा, भाऊजी."

"ढग गेल्यावर उडण्यात काय राहिलं?"

"आणि ती हलायची थांबल्यावर माझ्याकडे काय राहील?"

"काय अभद्र बोलतेस!" तो म्हणाला, आणि गेला.

त्या रविवारी त्याच्या ऑनलाइन मंडळींचं एकत्र उड्डाण होतं. सगळ्यांनी एकामागून एक एकाच धावपट्टीवर उतरायचं आणि बाकीच्यांनी नावं ठेवायची. सकाळपासून त्याने कॉम्प्युटरचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलं होतं आणि माझा स्वयंपाकघरातला टेबलफॅन आत वारा जाईल असा लावला होता. मी घामाने निथळत होते, कार्ड गार होतं. विमानाच्या सेटिंगमध्ये सावल्या त्याने मध्यमवर आणल्या, झाडं विरळ केली, विमानतळावरची माणसं तर पारच हटवली. ढग मात्र अल्ट्रा या सगळ्यात वरच्या पायरीवरून तसूभर हलवले नाहीत.

बाळाला आदल्या दिवशी लस दिली होती. अंग कोमट होतं. औषध पाजून, ती झोपल्यावर मी खाली आले, बाटल्या उकळायला आणि गाजर उकडून मिक्सरला लावायला. फोन साखरेच्या डब्याला टेकवून समोर ठेवला. चित्रात ती उताणी झोपलेली, एक हात डोक्यावर, दुपटं कमरेपर्यंत. मी एक बाटली धुवायचे, बघायचे. दुसरी धुवायचे, बघायचे. पलीकडच्या खोलीतून विमानाच्या इंजिनाची घरघर भिंतीतून येत होती, त्यात मिक्सर. वरून कुणी हाका मारल्या असत्या तरी ऐकू आल्या नसत्या. म्हणून तर फोन होता.

किती शांत झोपलीय, असं वाटलं. औषध लागू पडलं, असंही वाटलं.

मग मी पडदा पाहिला. वरच्या खिडकीचा पडदा वाऱ्याने सारखा फुगतो आणि खाली बसतो. चित्रात तो फुगलेला होता. मी बाटलीचं बूच लावलं, परत पाहिलं. फुगलेलाच. खाली येईचना. कापड हवेत अधांतरी, एखाद्या फोटोतल्यासारखं.

जिना कसा चढले ते आठवत नाही.

झटका आला नव्हता, हे आधीच सांगून टाकते. पण ती झोपलेली नव्हती. पाळण्याच्या कोपऱ्यात सरकून, गजांना गाल दाबून, रडून रडून आवाज बसलेला, नुसतं तोंड उघडत होती. अंग भट्टीसारखं. मी तिचे कपडे उतरवले, ओल्या फडक्याने पुसलं, औषधाच्या वेळा आठवत राहिले. तिने माझ्या गळ्यातली साखळी मुठीत घट्ट धरली.

तिला तशीच कडेवर घेऊन मी खाली गेले. दीर हेडफोन लावून, जीभ दातांत धरून बसला होता.

"वहिनी, आत्ता नको! उतरतोय!"

मी हेडफोन ओढून काढले. "कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम कुणी बंद केला?"

"बंद नाही केला. पॉज केलाय. लँडिंगपुरता."

"मला सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"त्याला माझा पासवर्ड लागतो. तो कुणी दिला?"

त्याने माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. दारात माझा नवरा उभा होता, झोपेतून उठून आलेला, गालावर उशीचे वळ.

"अगं, थोड्या वेळाचाच प्रश्न होता," तो म्हणाला. "त्याचं एवढं महत्त्वाचं होतं. आणि झालं का काही तिला?"

झालं का काही तिला. ते वाक्य तो विसरला असेल.

तेवढ्यात स्टिअरिंगवर कुणाचाच हात नसलेलं विमान धावपट्टीच्या अलीकडे मातीत घुसलं. दीर किंचाळला, "गेलं! सगळ्यांसमोर गेलं!"

"पण जराही अडखळलं नाही हं, भाऊजी," मी म्हणाले. "लोण्यासारखं पडलं."

मग मी बाळाला नवऱ्याच्या हातात दिलं. "धर. तिच्याकडे बघ. आणि पासवर्ड विसरून जा, तो आता बदलतेय."

दीर उठेना, तेव्हा उभ्यानेच की-बोर्ड ओढून घेतला. कार्डावर पहिला हक्क कॅमेऱ्याचा लावला, उरेल ते विमानाला. प्रोग्रॅम थांबवायचे सगळे अधिकार त्याच्या खात्यातून काढले. सावल्या बंद. पाण्यावरची चमक बंद. शेवटी ढग. त्याने माझं मनगट धरलं.

"वहिनी, ढग राहू दे."

"हात सोडा."

त्याने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा बाळाकडे बघत होता, मी सांगितलं होतं तसा, पहिल्यांदाच. मग दिराने हात सोडला.

आता तो उडतो ते निळ्या पत्र्यासारख्या आकाशात. माझ्याशी बोलत नाही. जेवताना मीठ हवं असलं तरी माझ्यासमोरून हात लांबवून घेतो. परवा नवऱ्याला ऐकवत होता, "खाली घरं नुसती खोकी दिसतात. ह्याला काय उडणं म्हणतात?"

"मग उतरा की," मी स्वयंपाकघरातून म्हणाले. "टेबल माझंच आहे."

माझ्यात आणि नवऱ्यातही हल्ली बोलण्यासारखं फारसं नसतं. बाळाला घेतलंस का, बाळाला दिलंस का, एवढंच.

मी कागदाचं एक भिरभिरं केलं आणि पंख्याच्या वाऱ्यात, कॅमेऱ्याला दिसेल असं पाळण्याच्या वर टांगलं. त्याच्या सारख्या फिरण्याने रेकॉर्डिंग थांबतच नाही, म्हणजे दिराला उरतं ते आणखी थोडं कमी. त्याला मी काय करू?

फोन उचलला की आधी भिरभिरं बघते. ते फिरत असलं, तरच लेकीकडे.