पाव इंचाला एक फूट

मित्रांनो, मी एक जुना ड्रॉइंग बोर्ड आहे. माझ्यावर बांधलेले छोटेसे रेल्वे स्टेशन बघून तुम्ही मला विसरून जाल, हे मला ठाऊक आहे. सगळेच विसरतात. पण त्या रुळांच्या, टाकीच्या आणि झेंडूच्या वाफ्याच्या खाली जी पाच फूट लांब आणि तीन फूट रुंद फळी आहे ना, ती मीच. स्टेशन कितीही देखणे असले तरी त्याला उभे राहायला जागा लागतेच. ती जागा मी दिली, आणि हे सांगताना मी मुळीच लाजणार नाही.

माझे लाकूड देवदाराचे. सुताराने माझ्या पट्ट्या जोडून, रंधा मारून मला इतके सपाट केले की वर ठेवलेला पाण्याचा थेंब कुठे जावे या विचारात तिथेच थांबायचा. मग मला ओझरच्या विमान कारखान्यात नेले. तिथे उंच खिडक्यांच्या एका लांबलचक खोलीत आम्ही चाळीस बोर्ड ओळीने उभे असायचो. माझ्यासमोर खंडेराव नावाचे ड्राफ्ट्समन बसत. सडपातळ अंगाचे, कमी बोलणारे. त्यांची पेन्सिल होती फोर-एच, म्हणजे कडक शिशाची. तिने काढलेली रेघ केसासारखी बारीक आणि फिकट करडी येते. साहेब लोक इतरांच्या बोर्डांवरून नुसती नजर फिरवत, पण माझ्यापाशी थांबत. "रेघ असावी तर खंडेरावांची," असे म्हणत. रेघ त्यांची होती हे खरे, पण ती पडायची माझ्या छातीवर. निम्मी शाबासकी मी घ्यायचो.

खंडेरावांनी मला टाचणीसुद्धा टोचू दिली नाही. कागद चिकटपट्टीनेच लावायचा आणि संध्याकाळी माझ्यावर कापड घालायचे, असा त्यांचा नेम होता.

नव्वदच्या पुढे कारखान्यात कॉम्प्युटर आले. हळूहळू आमची खोली रिकामी झाली आणि आम्हाला भिंतीला टेकवून ठेवले. माझ्यावर कुणी चहाचा पेला ठेवला, कुणी डबा ठेवला. राग आला, पण फळीला राग आला तरी ती करणार काय? पुढे जुन्या सामानाचा लिलाव निघाला. खंडेराव त्याच वर्षी निवृत्त होत होते. त्यांनी मला उचलले आणि टेम्पोत घालून नाशिक रोडच्या आपल्या घरी आणले.

घरी त्यांची सून सुवर्णा होती. ती शाळेत शिकवायची. मुलगा नोकरीसाठी पुण्याला असायचा आणि शनिवार-रविवार येऊन जायचा. सुवर्णाने मला बघितले आणि म्हणाली, "बरं झालं नाना, कुरडया घालायला मोठी फळी हवीच होती." विमानांचे नकाशे पेलणाऱ्या माझ्यावर दोन उन्हाळे कुरडया वाळल्या! मित्रांनो, रावाचा रंक झालो, असे तेव्हा मला वाटे.

मग दोन हजार एक साली, पोळ्याच्या आसपास, खंडेरावांची थोरली बहीण सायखेड्याहून आली. तिचे नाव रंगूबाई. सगळे तिला आक्का म्हणतात. सत्तरीला टेकलेल्या आक्कांचा गोदाकाठी फुलांचा मळा आहे. झेंडू, शेवंती, गुलछडी. मळ्यात कोण किती वेळ वाकले आणि कोण किती वेळ गप्पा मारत उभे राहिले, हे त्या बांधावरून सांगत. त्या आल्या होत्या डोळे दाखवायला. डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, औषधाने राहिलेली जेवढी टिकेल तेवढी टिकेल, फार तर वर्ष दीड वर्ष.

घरी आल्यावर आक्काच म्हणाल्या, "एवढं काय त्वांड पाडून बसलाय रे खंडू? सत्तर वर्सं बघितलं की समदं. फकस्त आपलं ठेसन येकदा बघाया पायजे व्हतं."

या बहीणभावाचे वडील छोट्या लाइनीवरच्या एका शेवटच्या स्टेशनावर सांधेवाले होते. गाडी रूळ बदलताना सांधा ओढायचा, दिवे लावायचे, टाकी भरायची, ही त्यांची कामे. दिवसातून दोनदा तीन डब्यांची गाडी यायची आणि परत जायची. इंजिनाला पाणी पाजायच्या टाकीतून जे पाणी सांडे, त्यावर दहा वर्षांच्या आक्कांनी झेंडूचा पहिला वाफा लावला होता आणि उतारूंना माळा विकल्या होत्या. सायखेड्याचा मळा त्या वाफ्यातून आला, असे त्या मानत. पुढे ती लाइन बंद पडली. रूळ उचलले, इमारत पडली, दगडसुद्धा लोकांनी घराच्या पायाला नेले. एक फोटो म्हणून कुणाजवळ नव्हता.

खंडेराव म्हणाले, "आक्का, तू बघशील. मी बांधतो."

त्या दिवशी माझ्यावरच्या कुरडया उतरल्या त्या कायमच्या. मला पुसून, कोमट पाण्याने स्वच्छ करून खिडकीशी मांडले आणि पहिला कागद लागला. माप ठरले पाव इंचाला एक फूट. म्हणजे खऱ्या स्टेशनातली एक फूट जागा माझ्यावर पाव इंचात बसवायची. छोट्या लाइनीच्या रुळांतले अंतर अडीच फूट. या मापाने ते जेवढे भरले, तेवढ्याच अंतराचे रूळ खेळण्यातल्या एका आगगाडीचे निघाले! मुलाने पुण्याहून ती गाडी आणून दिली तेव्हा खंडेराव लहान मुलासारखे फूटपट्टी घेऊन घरभर फिरले.

पण बाकीची मापे आणायची कुठून? ती आक्कांच्या डोक्यात होती, आणि तीही फुटांत नव्हती. आक्का दर पंधरा दिवसांनी डॉक्टरांकडे येत, मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसत.

"बाक किती लांब होता, आक्का?"

"त्याच्याखाली माझ्या चार पाट्या बसायच्या. अंगाला अंग लावून."

खंडेरावांनी आक्कांची फुलांची पाटी मागवून मोजली. दीड फूट भरली. चार पाट्या म्हणजे सहा फूट, म्हणजे माझ्यावर दीड इंच. फलाट होता "बाबाची हाळी या टोकाला दिली तर त्या टोकाला आय वळून बघायची" एवढा. त्यासाठी दोघांनी समोरच्या मैदानात उभे राहून एकमेकांना हाका मारून बघितल्या. कॉलनीतले लोक गॅलरीत आले. मला तर वाटते, विमानाचे मापसुद्धा इतक्या कष्टाने कुणी घेतले नसेल.

पहिल्या नकाशात आक्कांनी सात चुका काढल्या. "फाटक तिकडं नव्हतं रे, तिकडून गेलं तर चिखलात जाशील." दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात तीन. पाचव्याला एक नवीच अडचण निघाली. शेवटचे स्टेशन म्हटले की इंजिन पुढून सोडून, शेजारच्या रुळाने फिरवून गाडीच्या मागच्या टोकाला जोडावे लागते. तो शेजारचा रूळ काढायलाच खंडेराव विसरले होते! विमाने काढणाऱ्या माणसाला वाटले, गाडी आली की आली. मग रुळाला जागा करताना त्यांनी पाण्याची टाकी उचलून कडेला नेली.

"बघ गं आक्का, टाकी इथे घेतली. बरोबर आहे का?"

"बराबर हाय," आक्का म्हणाल्या.

सहावा नकाशा बराबर. सातवा बराबर. खंडेराव खूश. चुका संपल्या म्हणजे नकाशा जमला, असा त्यांचा हिशेब. पण बांधायला घेतील तर शपथ! आठव्यात त्यांनी फलाटाच्या कडेचा दगड न् दगड काढला, नवव्यात कौलांच्या ओळी मोजून काढल्या. दिवाळी गेली, संक्रांत गेली.

आता एक गोष्ट कबूल करतो. मला कळले होते. आक्कांचे बोट टाकी दाखवायला उठायचे आणि कोऱ्या कागदावर टेकायचे. आक्का कागदाकडे बघत नसत, खंडेरावांच्या आवाजाकडे बघत. मला बोलता येत नाही ही सबब खरी आहे. पण बोलता आले असते तरी मी बोललो असतो का, याची मला खात्री नाही. नव्या नकाशासाठी नवा कागद लागत होता, ती केसासारखी रेघ पुन्हा माझ्यावर उमटत होती. मला त्याची चटक लागली होती. नकाशा संपूच नये, असे मला वाटत होते.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी सुवर्णाने मला पुसायला कागद काढला आणि घाईत उलटा लावला. स्टेशनाचे छप्पर खाली, अक्षरे डोक्यावर. थोड्या वेळाने आक्का आल्या. खंडेराव स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी चहा करत होते. तिथूनच म्हणाले, "आक्का, नववा नकाशा लावलाय बघ. टाकी सापडली का?"

आक्कांनी बोट टेकवले. "ही काय. बराबर हाय समदं."

खंडेराव दोन कप घेऊन बाहेर आले आणि उभेच राहिले. कागद उलटा होता. आणि आक्कांचे बोट होते कोपऱ्यातल्या चौकटीवर, जिथे ड्राफ्ट्समन आपले नाव आणि तारीख लिहितो तिथे.

"आक्का," ते हळू म्हणाले, "तुला रेघा दिसत नाहीत?"

"कागद दिसतुय की. पांढराफेक हाय."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासनं." आक्कांनी बोट मागे घेतले. "तू लय हौसेनं दाखवतु रे. मंग नाय कसं म्हनू?"

मित्रांनो, ज्या बारीक रेघेवर आम्ही दोघांनी आयुष्यभर मिरवले, तीच आक्कांना दिसत नव्हती. इतकी लाज मला चहाच्या पेल्यांनीही आणली नव्हती.

खंडेरावांनी कप खाली ठेवले, कागद ओढून काढला. "सुवर्णा, पेचकस आण. आणि स्क्रू."

"नाना, यात स्क्रू? या बोर्डाला तर तुम्ही—"

"बोर्ड माझा आहे आणि बहीणही माझीच आहे," खंडेराव म्हणाले. "आक्का, पाच आठवडे दे मला."

पहिला स्क्रू माझ्यात शिरला तेव्हा मी आतून किरकिरलो. खोटे कशाला सांगू, दुखले. दुसऱ्याला कमी दुखले. चाळिसाव्यापर्यंत तर मीच घट्ट धरून बसलो होतो, रूळ एक सूतभर हलू दिला नाही. कौलांच्या ओळी कुणी मोजल्या नाहीत. सुवर्णाने शाळेतले रंग आणले आणि तीच रोज सांगायची, "नाना, फिक्कं नको. ठसठशीत द्या." टाकी लालभडक झाली, फाटक काळे-पांढरे. लाकडाच्या भुशाला केशरी रंग देऊन टाकीजवळ झेंडू फुलवला. चार बारक्या पाट्या बाकाखाली बसल्या, अंगाला अंग लावून.

सहाव्या आठवड्यात आक्का आल्या. मला गॅलरीत लख्ख उन्हात ठेवले होते. खुर्चीवर न बसता त्या माझ्यावर ओणव्या झाल्या. नाक फलाटाला लागेल इतक्या खाली. त्यांची नजर नळीतून बघितल्यासारखी उरली होती, म्हणून त्या मान हळूहळू सरकवत गेल्या. फाटक. बाक. पाट्या. सांध्याचा दांडा. तिथे त्या बराच वेळ थांबल्या. सुवर्णाने पदर तोंडाला लावला होता. 'बराबर हाय' म्हणतात की काय, या भीतीने माझे स्क्रूसुद्धा ताठ झाले होते.

आक्का आणखी सरकल्या आणि एकदम म्हणाल्या, "खंडू, चुकलं तुझं!"

"कुठं?"

"आरं, टाकी दोन रुळांच्या मधी व्हती. इंजिन हिकडनंबी पानी प्यायचं आन् तिकडनंबी. तू कडंला न्हेली. आन् हितं तर कोळशाची राख टाकायचे. राखंत झेंडू येतुय व्हय, येड्या?"

आणि त्यांनी बोट ठेवले. टाकीवर. नेमके टाकीवर.

चौतीस वर्षे नकाशे काढणाऱ्या त्या माणसाला आपली चूक निघालेली कधी सोसली नव्हती. त्या सकाळी मात्र ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहू लागले. "चुकलं माझं, आक्का," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "अजून सांग. अजून काय चुकलं?"

आक्कांनी खुर्ची मागितली, पदर खोचला आणि मळ्यात बसावे तशा बसल्या. त्यांची नजर पुढच्या गणपतीपर्यंत पुरली. तेवढ्या दिवसांत त्यांनी एकोणीस चुका काढल्या आणि एकोणीसच्या एकोणीस आम्ही दुरुस्त केल्या. आज त्या हे स्टेशन हातांनी बघतात, आणि धूळ साचली असेल तर सुवर्णाला बोल लावतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, आम्हाला कोरडे ठेवा, पुसा, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठी विनवणी आहे. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, जे अलीकडे सगळ्यालाच बरोबर आहे, छान आहे म्हणत असेल. त्या शब्दांवर खूश होऊन उठू नका. हातातला कागद बाजूला ठेवा, त्यांच्याजवळ बसा आणि आधी विचारा, तुम्हाला दिसतंय ना?