आजोबांची पेनल्टी

नवरा गेल्याला महिना झाला, तेव्हा त्याच्या जुन्या फुटबॉल क्लबातला शिंपी शोकसभेचं सांगायला तिच्या दारात आला. तिनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. तीस वर्षं ज्यांनी या माणसाशी फुटबॉलबद्दल चकार शब्द काढला नाही, त्यांना आता उमाळा आला होता! वरातीमागून घोडं ते हेच. तरी ती गेली. तिला एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारल्याशिवाय झोप लागणार नव्हती.

गोष्ट साधी होती. क्लब एकदाच अंतिम सामन्यात पोचला, आणि शेवटची पेनल्टी तिच्या नवऱ्यानं गोलच्या वरून मारली. कप गेला. त्यानंतर तो मैदानाच्या रस्त्याला कधी फिरकला नाही. पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं आणि तांब्याच्या तारा गुंडाळत मान खाली घालून बसला. "लोकांनी मनात धरलंय," म्हणायचा. "मी सलूनमध्ये शिरलो की बोलणं थांबतं. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." दवाखान्यात शेवटी शेवटीसुद्धा त्यानं विचारलं होतं, "अजून राग असेल का गं त्यांना?" तिला काय ठाऊक? ती म्हणाली, "झोपा आता."

क्लबची खोली म्हणजे जाळ्यांचा ढीग, ओल्या बुटांचा वास आणि डुगडुगणाऱ्या खुर्च्या. टेबलावर त्याचा तरुणपणचा फोटो होता. बाविसाव्या वर्षीच कपाळावर पांढऱ्या केसांची बट आली, म्हणून सगळे त्याला आजोबा म्हणत.

आधी बसचा कंडक्टर उठला. "एकदा मैदानाजवळून जाताना आरडाओरडा ऐकला. म्हटलं, आजोबांचाच गोल असणार. प्रवाशांना सांगितलं, इंजिन तापलंय, जरा थांबावं लागेल. उतरून बघतो तर ड्रायव्हर माझ्याआधी कुंपणावर!"

बेकरीवाला म्हणाला, "धावता धावता गोलच्या खांबावर आदळले, आणि उठून त्या खांबालाच सॉरी म्हणाले."

मग निवृत्त नर्सबाई. "भुवई फुटली म्हणून आणलं होतं. मी टाके घालतेय आणि हे म्हणतात, सिस्टर, दोनातच भागवा, तिकडे खेळ सुरू होईल!"

भुवईवरचा तो वेडावाकडा व्रण तिनं आयुष्यभर पाहिला होता, पण त्यामागची ही घाई आज कळली. ती हसली. महिन्यात पहिल्यांदाच हसली, आणि हसल्याचा तिला रागही आला. एवढी माया कुठं दडवून ठेवली होती या लोकांनी?

"आणि ती पेनल्टी?" तिनं विचारलं.

सगळे मूग गिळून बसले. कंडक्टर खिडकीबाहेर बघू लागला. याच शांततेत माझ्या माणसानं तीस वर्षं काढली, तिला वाटलं.

"विचारतेय मी. राग होता ना तुमचा?"

"राग?" शिंपी उठून उभा राहिला. "काय बोलताय, वहिनी! आजोबा नसते तर आम्ही पहिल्याच फेरीत घरी बसलो असतो. त्या दिवशी मान खाली घालून बाहेर पडताना पाहिलं त्यांना, आणि मीच सगळ्यांना दम भरला. यांच्यासमोर फुटबॉलचं नाव काढायचं नाही. जखमेवर मीठ नको. एकानंही शब्द मोडला नाही, वहिनी. ते दिसले की आम्ही विषयच बदलायचो."

सांगताना त्याचा ऊर भरून आला होता, त्यात थोडा अभिमानही होता. मग त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज उतरला.

"त्यांना ठाऊक तर होतं ना, आमचा राग नव्हता ते?"

'हो' तिच्या ओठांवर आलंच होतं. म्हातारा माणूस, एका शब्दानं त्याच्या जिवाला शांती मिळाली असती. कशाला दुखवायचं? आणि मग तिच्या लक्षात आलं की या लोकांनी नेमका हाच विचार केला होता. याच चांगुलपणानं तिच्या नवऱ्याला आतून पोखरलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "ठाऊक नव्हतं. तुम्ही सगळे रागावलाय, असंच समजून गेले ते."

शिंपी मटकन खाली बसला आणि तोंडावर हात धरून रडायला लागला. त्याला गदागदा हलवावं असंही तिला वाटलं, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवावा असंही. तिनं आपली खुर्ची ओढून त्याच्या शेजारी घेतली.

"आता तरी बोला," ती म्हणाली. "मी त्या दिवशी मैदानावर नव्हते. घरी त्यांनी कधी सांगितलं नाही, बाहेर तुम्ही कुणी सांगितलं नाही. कशी मारली हो त्यांनी ती पेनल्टी?"

शिंप्यानं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

"जोरात मारली, वहिनी," तो म्हणाला. "फारच जोरात मारली. आम्हाला कप द्यायचा होता ना त्यांना."