पप्पांची साक्ष

वडिलांचं तारण व्हावं ही प्रार्थना ताई लहानपणापासून करत आली होती. आधी आईनं करायला लावली म्हणून, आई गेल्यावर आईची राहून गेली म्हणून, आणि पुढे पुढे नुसती सवयीनं. बाप घर सोडून गेला तो गेलाच. कुठे आहे, जिवंत तरी आहे का, तिला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर ठाऊक नव्हतं म्हणूनच त्याच्यासाठी प्रार्थना करणं सोपं जायचं.

आणि मग देवानं ती ऐकली.

चर्चच्या पाळकांचा फोन आला तेव्हा ती कामावर होती. एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात खोल्यांमधून उतरलेल्या चादरी वेगळ्या करायचं तिचं काम. रक्त, उलटी, कसले कसले डाग. परक्या माणसांचं सगळं तिच्या हाताखालून जायचं आणि तिला कधी कशाचं काही वाटलं नव्हतं.

"ताई, देवाची करणी बघा!" पाळक फोनवर अक्षरशः ओरडत होते. दुसऱ्या शहरातल्या चर्चच्या मंडळीनं एका आजारी म्हाताऱ्याला रस्त्यावरून उचललं होतं. त्यानं दारू सोडली, प्रभूला स्वीकारलं, बाप्तिस्मा घेतला, आणि आता मुलीचं नाव घेऊन रडत होता. "मग? कधी आणायचं त्यांना?"

आणायचं? ताईनं तारण मागितलं होतं. घरचा पत्ता दिला नव्हता. पण इतकी वर्षं गुडघे टेकल्यावर आता नको कुठल्या तोंडानं म्हणणार?

"मागताना जरा नीट तपशील द्यायचा असतो गं," नवरा म्हणाला. तो बस चालवायचा आणि फारसा कशानं हलायचा नाही. त्यानं मागच्या खोलीतल्या ट्रंका हलवून खाट टाकली.

पप्पा आले ते एक पिशवी, एक नवंकोरं बायबल आणि डाव्या पायाची न भरणारी जखम घेऊन. साखरेची जखम. रोज सकाळ-संध्याकाळ पट्टी सोडायची, पू पुसायचा, मिठाच्या पाण्यानं धुवायचं, नवी पट्टी बांधायची. सडलेल्या फळासारखा गोडसर वास घरभर पसरायचा आणि ताईच्या केसांत जाऊन बसायचा. पहिल्या दिवशी तिला मोरीपर्यंतही पोचता आलं नाही. दारातच ओकली. पप्पा बेसिनमध्ये खाकरून थुंकायचे आणि नळ सोडायचे नाहीत. तोंड उघडं ठेवून चावायचे. पायाची नखं कापून खाटेखाली ढकलायचे. आणि ती जखम धुवत असताना डोळे मिटून, वर तोंड करून गाणी गुणगुणायचे.

"प्रभूनं दिलंय, प्रभूच भरून काढेल," ते म्हणायचे.

"हो. धुवायला मात्र मी," ताई पुटपुटायची.

पण हे सगळं तिनं सोसलं असतं. सोसवेना तो रविवार.

दर रविवारी उपासनेत पाळक पप्पांना साक्ष द्यायला पुढे बोलवायचे. पप्पा लंगडत जायचे, माइक घट्ट धरायचे आणि आवाज फुटायचा. "बंधूंनो, भगिनींनो, मी राक्षस होतो! हिच्या आईला मी पट्ट्यानं फोडून काढायचो. ती माउली गुडघ्यांवर बसून माझ्यासाठी प्रार्थना करायची. आणि मी घर सोडलं त्या दिवशी ही माझी लेक, एवढीशी पोर, माझ्या पायाला मिठी मारून म्हणाली, पप्पा, जाऊ नका!" मग ते रडायचे. मंडळी रडायची. "स्तुती असो!" पाळक म्हणायचे. आठवड्यागणिक पट्टा जाड होत गेला. उपासना संपली की बायका ताईचे हात धरून ठेवायच्या. "किती धन्य आहेस गं तू!" ताईला वाटायचं, घरी जाऊन हे हातही मिठाच्या पाण्यात बुडवावेत.

अशाच एका रविवारी दुपारी पट्टी सोडता सोडता तिनं विचारलं, "पप्पा, तो पट्टा कुठला हो?"

"कसला पट्टा?"

"आईला मारायचात तो. तुमच्याकडे पट्टा नव्हताच. पँटला दोरी बांधायचात."

पप्पांची गुणगुण थांबली.

"मला काही आठवत नाही गं," ते म्हणाले. "दारूनं सगळं पुसून नेलं. पहिल्यांदा मला तिकडच्या चर्चमध्ये साक्ष द्यायला उभं केलं, तर काय बोलावं सुचेना. माझ्या आधी एक जण बोलला, त्याच्या साक्षीत पट्टा होता. लोक फार रडले. मग मीही पट्टाच सांगितला."

ताईनं हातातला बोळा मिठाच्या पाण्याच्या तसराळ्यात टाकला. दुसऱ्याच कुणाच्या तरी बायकोनं खाल्लेल्या मारासाठी हा माणूस दर रविवारी रडत होता, आणि आख्खी मंडळी त्याच्याबरोबर.

"मग ऐका," ती म्हणाली. "त्या दिवशी आई गुडघ्यांवर बसली नाही. आईनं जेवायला वाढायला उशीर केला म्हणून तुम्ही तिचा हात दाराच्या फटीत धरून दार लावलंत. उजवा हात. बोटं मोडली. मग तुम्ही जेवायला बसलात. भाजी अळणी आहे म्हणालात, मीठ मागितलंत. तिनं डाव्या हातानं आणून दिलं. जेवून तुम्ही बाहेर पडलात. मी कुणाचे पाय धरले नाहीत. मी आतून कडी लावली, आणि मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की काय सांगू."

पप्पांचे ओठ हलले. "मीठ मागितलं मी?"

"हो."

जखमेतून पाणी ठिपकत होतं. पप्पांनी मान खाली घातली, मग हळूच वर केली. "हे... हे रविवारी सांगू का?"

ताई उठली. तिला त्याच्या अंगावर तसराळं पालथं घालावंसं वाटलं. "खबरदार! ते आईचं आहे. मंडळीसमोर त्यातला एक शब्द निघाला, तर तुमची पिशवी बाहेर."

"मग देवाला काय सांगू?"

"देव तिथेच होता. त्याला आठवतंय सगळं. तुम्ही मला सांगा काय सांगायचं ते."

"माफ कर म्हणायला आधी आठवायला तर पाहिजे ना," पप्पा म्हणाले. "नाहीतर तेही खोटंच होईल."

घरात आल्यापासून त्यांनी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. ताईला ते कळलं. पण किळस काही गेली नाही. तिनं पट्टी बांधली आणि मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात घासले.

पुढच्या रविवारी पाळकांनी बोलावलं तेव्हा पप्पा माइकसमोर नुसते उभे राहिले. "आज माझ्याकडे काही नाही," ते म्हणाले. "आधी सांगितलं ते माझं नव्हतं." आणि लंगडत जागेवर येऊन बसले. लोक एकमेकांची तोंडं बघायला लागले. पाळकांनी घाईघाईनं गाणं धरलं.

उपासना संपल्यावर त्यांनी ताईला बाजूला घेतलं. "तुम्ही त्यांना काय बोललात? त्यांच्या साक्षीनं किती जणांची मनं पालटत होती!"

"संध्याकाळी पट्टी बदलायला येता का?" ताईनं विचारलं.

संध्याकाळी त्यांची सभा होती.

त्यानंतर पप्पा पट्टीच्या वेळी गायचे नाहीत. कधी कधी विचारायचे, "तुझी आई हसायची कशी?" एखाद्या दिवशी ताई सांगायची. एखाद्या दिवशी म्हणायची, "आज नको." जखम भरली नाही. शेवटी पायाचं एक बोट काढावं लागलं. दवाखान्यातून आणताना पप्पांनी तिच्या खांद्यावर भार टाकला, आणि तिच्या अंगावर काटा आला. तरी तिनं खांदा काढून घेतला नाही.

प्रार्थनेला ती अजूनही बसते. मागत मात्र काही नाही. मागायची आता भीती वाटते, कारण तो ऐकतो. "तू दिलंस," ती म्हणते, "आणि मला शिसारी येते. हे तुला कळलेलं बरं." आमेन म्हणावं की नाही यावर थोडी घुटमळते, मग म्हणते, आणि गरम पाणी ठेवायला उठते.