मावशींचं प्रात्यक्षिक

शिवणकाम करणाऱ्या मावशींनी अकरा वर्षं भांडून गावाबाहेरचं तळं बुजू दिलं नव्हतं. बाराव्या वर्षी सुनावणीत साहेबांनी विचारलं, "बाई, पर्यावरणातलं तुमचं शिक्षण काय?" मावशी बी.ए. होत्या, त्याही बत्तीस वर्षांपूर्वीच्या. त्या तडक विद्यापीठात गेल्या आणि 'चळवळ व्यवस्थापन' या दोन वर्षांच्या पदव्युत्तर वर्गात नाव घालून आल्या.

वर्ग सोपा नव्हता. 'मोर्चा' या शब्दाच्या चौदा व्याख्या पाठ कराव्या लागत. तळ्यावर खरंखुरं धरणं धरलं, त्या दिवशी गैरहजेरी लागली.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी विभागप्रमुखांनी बातमी दिली. चळवळींच्या अभ्यासासाठी नवं भवन होणार, विभागामागची सात जुनी झाडं तेवढी तोडायची.

मावशी उठल्या. "आम्ही झाडांखाली बसू. उठणार नाही."

"वा!" सर हरखले. "हेच प्रात्यक्षिक धरू. शंभर गुणांचं!"

ठरल्या दिवशी मावशींच्या ओळखीची चाळीस माणसं आली. करवती घेऊन आलेल्या मजुरांना सरांनी 'विरोधी पक्ष' म्हणून रांगेत बसवलं. बाहेरून आलेले परीक्षक खुर्ची टाकून गुण देऊ लागले. पाचला घंटा झाली.

"वेळ संपली," सर मजुरांना म्हणाले. "आता तोडा."

मावशींनी नियमावली उघडली. "कलम एकोणीस. एक जरी विद्यार्थी नापास झाला, तरी फेरपरीक्षेपर्यंत परीक्षेच्या जागेला हात लावायचा नाही."

"पण नापास कोण होणार?"

वर्गातल्या पोरापोरींनी माना खाली घातल्या. त्यांना नोकऱ्या लागायच्या होत्या.

"मी," मावशी म्हणाल्या.

पण परीक्षकांनी त्यांना अठ्ठ्याण्णव गुण दिले होते.

"साहेब, माझी घोषणा चुकली."

"उत्स्फूर्तता," परीक्षक म्हणाले. "एक गुण वाढवतो."

"नंतर तर मी नुसती गप्प बसले होते!"

"संयम. घ्या, शंभर."

मावशींनी हात जोडले. "अहो, मी पास झाले की ही झाडं गेली!"

परीक्षकांनी मान वर करून फांद्यांकडे पाहिलं. मग त्यांनी शंभरावर काट मारून नऊ लिहिले. शेरा लिहिला: 'नेतृत्वगुण नाहीत. लोक ऐकत नाहीत.'

मावशींनी हात वर केला, तशी चाळीस माणसं मुकाट्याने उठून घरी गेली.

घरी लेकीने गुणपत्रिका वाचली. "आई, तुझ्यात नेतृत्वगुण नाहीत?"

मावशी आधी हसल्या, मग पदराने डोळे पुसू लागल्या. "मागून घेतलं गं मीच. पण मनाला लागतंच की."

पुढच्या अडीच वर्षांत त्या आणखी पाच वेळा नापास झाल्या. शेवटी विद्यापीठाने कंटाळून गाड्या लावायच्या जागेवर भवन बांधलं. त्यानंतरच्या परीक्षेला मावशी एकट्याच बसल्या, त्यामुळे पहिल्या आल्या. लेकीने सगळ्या आळीला चहा पाजला.