तो भात, ते भात

शहापूरच्या त्या कॉम्प्युटर क्लासात शेवटच्या परीक्षेला मुलं जोडीजोडीनं प्रोग्रामची अदलाबदल करत आणि दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये सांगितलेला बदल करून देत. रंजिता मॅडम दोन गोष्टींचे गुण द्यायच्या: बदल बरोबर झाला का, आणि मूळ प्रोग्राम वाचणाऱ्याला समजला का.

डोळखांबच्या रुपाला पहिलं यायचंच होतं. पहिल्या येणाऱ्याला तिथंच लॅब असिस्टंटची नोकरी होती. नाहीतर दिवाळी झाली की आईबापासोबत वीटभट्टीवर.

तिचा प्रोग्राम गिरणीचा होता. भरडायला किती भात आलं, त्याचे किती तांदूळ निघतील. ओळी शिकवल्याप्रमाणे आत सरकवलेल्या, नावं अर्थाची: इंग्रजी अक्षरांत भात आणि तांदूळ. वर प्रोग्राम कशाचा ते मात्र लिहिलं नव्हतं. भात म्हटल्यावर आणखी काय लिहायचं?

हा प्रोग्राम गेला भातसानगरच्या कॉलनीतल्या आदेशकडे. रिकाम्या पोत्याचं वजन वजा करायचं होतं. आदेशनं ते तांदळातून वजा केलं.

"अरे, पोतं भाताचं ना?" मॅडमनी विचारलं.

"भात पोत्यात कोण भरतं, मॅडम? मला वाटलं, आश्रमशाळेच्या जेवणाचा हिशेब आहे."

वर्ग हसला. रुपा तेवढी हसली नाही.

"कॉलनीत राहतोस म्हणून शेत पण नाय पाह्यलंस काय रे? मॅडम, शिजतो तो भात, पिकतं ते भात. येवढं कुणालापण कळतं."

"बोलताना कळतं. तू 'तो' म्हणतेस, 'ते' म्हणतेस. इथं नुसतं भात लिहिलंयस. आदेशनं कुठला घ्यायचा?"

मॅडमनी रुपाचे गुण कापले.

मग त्यांनी रुपानं बदल केलेला आदेशचा प्रोग्राम उघडला. त्यानं एक्स, वाय, झेड अशी नावं ठेवली होती आणि सगळ्या ओळी डावीकडे चिकटलेल्या होत्या. आता तिथं दर, वजन, एकूण अशी नावं होती.

"रुपा, बदल एका ओळीचा होता. नावं कशाला बदललीस?"

"कळतच नव्हता, मॅडम. आदी नावं दिली, मंग कळला."

"म्हणजे माझापण कळला नाय ना?" आदेश म्हणाला.

"तुझा तर तुलापण कळला नसता."

मॅडमनी आदेशचेही गुण कापले, रुपापेक्षा जास्त.

संध्याकाळी निकाल लागल्यावर डोळखांबच्या गाडीला गावचे काळूरामकाका भेटले. त्यांच्याकडं रुपानं घरी निरोप दिला: औंदा भट्टीवर तुमी जा, मी नाय येत.